बाईंची चूक पकडा

प्रिय धाकटे,

एका रंगाऱ्याने माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं, असं मी महिनाभर शाळेत सांगत फिरत होते. सुट्टीत त्याने आमच्या वर्गाचा फळा रंगवला आणि त्यावर अक्षरं काढायच्या रेघा आखल्या, त्या मधोमध पोट सुटल्यासारख्या खाली झुकलेल्या. दुसरीतल्या पोरांनी अक्षरं टांगायची कुठे? मी अर्ज केला, स्मरणपत्र दिलं, शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी साऱ्या अधोगतीचं मूळ त्या रेघांत दाखवून दिलं. माझी जीभ तुला ठाऊक आहेच. शेवटी मुख्याध्यापिका स्वतः आल्या. दोन मुलींना बोलावून त्यांनी उड्या मारायची दोरी रेघेवर ताणून धरायला लावली. दोरी रेघेवर अशी चपखल बसली की पोरांनी टाळ्या वाजवल्या. अहो बाई, सरळ आहे की, त्या म्हणाल्या. मीही हसले, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, म्हणाले. ती ताणलेली दोरीसुद्धा मला वाकडीच दिसत होती, हे मात्र सांगितलं नाही.

चष्मा बदलून पाहिला, दुकानदाराचं भलं झालं, माझं नाही. शब्दाकडे नीट पाहायला जावं तर नेमका मधला भाग कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखा. पोरांच्या चेहऱ्यांचंही तेच, कान जागेवर आणि नाक गायब. हजेरी आता आवाजावर घेते. वह्यांवर सरसकट ‘छान’ लिहून मोकळी होते. पालक खूश आहेत. बाई अलीकडे मायाळू झाल्यात म्हणे.

आमच्या वर्गात वाचनाच्या तासाला एक खेळ असतो, मीच सुरू केलेला. मोठं चित्रांचं पुस्तक पोरांसमोर धरून मी वाचायचं आणि मध्येच मुद्दाम काहीतरी चुकवायचं. जो चूक पकडेल त्याने माझ्या खुर्चीवर बसून पुढचं पान वाचायचं, मी खाली सतरंजीवर. त्यामुळे पोरं पुस्तकावरची नजर हलवत नाहीत. सध्या या खेळाला फार बरकत आहे. पुस्तकं पाठ आहेत म्हणून निभावतं, पण पाठ असलेलं वाचणं म्हणजे ओळखीच्या घरातून अंधारात चालणं. कुणी स्टूल सरकवलं की नडगी फुटलीच. चुकलं, बाई, चुकलं, असा गलका होतो. मी डोळा मारते आणि म्हणते, पकडलंत होय, लबाडांनो. छातीत धडधडत असतं, पण ते सतरंजीपर्यंत ऐकू जात नाही.

मग गेल्या सोमवारी कुणाच्या तरी डिंकाच्या हाताने पुस्तकाची पानं चिकटली होती. मी एकदम दोन उलटली आणि म्हणत राहिले, हत्ती नदीत उतरला, हत्तीने सोंडेत पाणी भरलं. चित्रातला हत्ती बहुधा केव्हाच घरी जाऊन झोपला होता. पोरं हसून लोळली. मी सवयीने डोळा मारला. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. कधी तोंड उघडत नाही, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. तिने नखाने पानं सोडवली, मागचं पान काढलं आणि माझं बोट धरून ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं. वाचता न येणाऱ्या पोराचं बोट मी असंच धरते गं. खुर्ची मागितली नाही, काही नाही, गुपचूप जागेवर जाऊन बसली. सगळी शाळा फसली होती, ती फसली नाही.

आणि मला अण्णा आठवले. शेवटची वर्षं खिडकीशी पेपर घेऊन बसायचे, वेळच्या वेळी पान उलटायचे, घडी घालायचे आणि जगात काही राम उरला नाही म्हणायचे. शेजारी भाजी निवडत आई त्यांना सगळ्या बातम्या मोठ्याने सांगत असायची. आपण हसायचो, हिच्या तोंडाला विश्रांती नाही म्हणून. ती बडबडत नव्हती, धाकटे. ती त्यांना पेपर वाचून दाखवत होती.

फोन केला नाही, कारण माझ्या आवाजावरून तू पहिल्याच वाक्याला ओळखलं असतंस आणि मला पुढे बोलता आलं नसतं. जाड मार्करने लिहिते आहे, ओळी एकमेकींच्या खांद्यावर चढल्या असतील, हस खुशाल. येत्या गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. याआधी घेतली होती ती घाबरून रद्द केली. तू ये. डॉक्टर बोलायला लागले की मला काही ऐकू येणार नाही, तुझे कान हवेत. आणि आत्ता, हे पत्र हातात असतानाच, एक डोळा झाक आणि खिडकीच्या गजांकडे बघ. मग दुसरा झाक. कुठे जराही वाकडं दिसलं तर माझ्यासारखी रंगाऱ्याला शिव्या देत बसू नकोस. गुरुवारी दोघी मिळून दाखवू. अण्णांना मुली दोन आहेत, माझी झोप त्यानेच उडाली आहे. बाकी, मुंगीची खुर्ची माझ्याकडे राहिली होती. आज वाचनाच्या तासाला, कुणाला कारण न सांगता, तिला उचलून तीत बसवलं. पाय लोंबकळत होते. बोट ठेवून, अडखळत तिने अख्खं पान वाचलं, सतरंजीवर बसून मी ऐकलं. पान संपल्यावर मी करते तसं पुस्तक आमच्याकडे वळवून तिने चित्र दाखवलं नाही. चित्रात काय काय आहे, ते सांगितलं.

तुझीच,
ताई