साळूआजी गाडीत बसत नाहीत

उरवडे, ता. मुळशी
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थरूप चंद्राआत्यास,

कैलासचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, मामांचा खोकला आणि दोन्ही म्हशी बऱ्या असतील असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. फोन न करता पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. तर फोनवर तू दोन वाक्यं ऐकतेस, "बरं, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्रात तुला मला मधे तोडता येत नाही. शिवाय घडलंय ते इतकं मोठं आहे की कुणाला तरी सगळंच्या सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. (बातमी आनंदाची आहे. काळजी करू नकोस.)

मी आता टेम्पो सोडून रुग्णवाहिका चालवतो हे तुला माहीत आहे, पण गाडी कुणाची ते सांगायचं राहिलं. आमच्या गावातले हैबतराव, ज्यांनी जमीन विकली आणि उरलेल्या तुकड्यावर कंपनीतल्या कामगारांसाठी चार मजले खोल्या बांधल्या, त्यांनी आईच्या आठवणीसाठी गावाला ही गाडी दिली. माणूस मनानं मोठा आहे आणि अक्षरंही त्यांना मोठीच लागतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर लाल रंगात हातभर उंचीचं लिहून घेतलंय, "कै. साळूबाई यांच्या स्मरणार्थ". त्यात 'कै.' सगळ्यात ठळक. खाली जागा उरली तिथं बारीक अक्षरात 'रुग्णवाहिका'. माझ्याबरोबर गौतमी म्हणून लातूरकडची मुलगी असते. तिनं रुग्णांना वाटेत सांभाळायचं रीतसर शिक्षण घेतलंय आणि हैबतरावांच्याच खोलीत भाड्यानं राहते. मी गाडी बघतो, ती माणूस बघते.

आता ज्याला छातीत दुखतंय त्याच्या दारात अशी गाडी उलटी लावली तर त्याला पहिल्यांदा काय दिसणार? 'कै.' दिसणार. एका आजोबांनी ते वाचून मला विचारलं, "लई घाई केलीत का रं?" बाकीचे त्रास तर रोजचेच. कुणी बकरी आजारी म्हणून बोलावतं. कुणी पौडपर्यंत सोडा म्हणतं, कारण तुम्ही तिकडंच चाललाय. आम्ही सायरन लावून निघालो की दहा मोटारसायकलवाले आम्हाला वाट करून देण्याऐवजी आमच्या शेपटीला लागतात आणि आम्ही केलेल्या वाटेनं ऑफिसला जातात. परवा हिंजवडीच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत गेलो, तर फाटकावरचा वॉचमन म्हणाला की फ्लॅटमालकानं मोबाइलवर परवानगी दिल्याशिवाय आत सोडता येत नाही. फ्लॅटमालक बेशुद्ध पडलेला. आम्ही त्याच्यासाठीच आलेलो. वॉचमन म्हणतो, "भैया, एक बार उनसे ही फोन करवा दो." (तो गृहस्थ वाचला. शुद्धीवर येऊन त्यानं पहिल्यांदा आम्हाला आत सोडायची परवानगी दिली.)

पण हे सगळं बाजूला ठेव. मुख्य गोष्ट साळूआजींची.

आमच्या आळीत साळूबाई नावाच्या दोघी होत्या. एक हैबतरावांच्या आई, ज्या गेल्या वर्षी वारल्या. दुसऱ्या समोरच्याच घरातल्या, त्यांच्याच भावकीतल्या, त्या साळूआजी. आडनाव एक, नाव एक, दारासमोर दार आणि तीस-चाळीस वर्षांचं वैर. भांडण नावावरूनच. लग्नाची पत्रिका आली की ती कोणत्या साळूबाईंची यावर दोघी ओट्यावर उभ्या राहून वाद घालायच्या. एकदा म्हणे एकाच पत्रिकेवर दोघी लग्नाला गेल्या आणि पंगतीत पाठीला पाठ लावून जेवल्या. हैबतरावांच्या आई गेल्या तेव्हा बाहेरगावची निम्मी माणसं चुकून साळूआजींच्याच दारात रडत आली. आजी ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या. त्यांना बघून एक बाई तर आल्या पावली किंचाळत पळाली. पुढं कित्येक दिवस आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "ती मी न्हाई." आणि त्यावर कडी म्हणजे वर्ष सरतंय तोवर त्यांच्या नावापुढं 'कै.' लावून एक पांढरी गाडी गावभर फिरायला लागली.

तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी सकाळी साळूआजींच्या घरातून फोन आला. आजींची नात अपेक्षा, कॉलेजला जाते, ती रडत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, बाकीचे कंपनीत कामावर. आम्ही पोचलो तर आजी ओट्यावर खांबाला टेकून बसलेल्या, घामानं लुगडं भिजलेलं, एक हात छातीवर. गौतमीनं छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, एकदा बघितली आणि माझ्याकडं बघून नुसतं म्हणाली, "दादा, स्ट्रेचर." तिचा तो आवाज मी ओळखतो. हार्टअटॅक होता.

मी गाडी उलटी घेतली, मागचं दार ओट्याला लावलं. आजींनी मान वर केली, दाराकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या गाडीत मी बसायची न्हाई."

मी म्हटलं, "आजी, उशीर करून चालणार नाही."

"माझ्या नावाम्होरं कै. लिव्हलंय."

"ते तुमचं नाव नाही. त्या हैबतरावांच्या आई."

"तुला ठावं हाय, मला ठावं हाय. यमाला ठावं हाय का? नाव त्येच, भावकी तीच, आळी तीच. त्यो काय आधार कार्ड बघून नेतोय?"

वर त्या म्हणाल्या, "आन् जिती असताना तिच्या दारात पाय ठिवला न्हाई मी, आता मराया तिच्या गाडीत बसू व्हय?" दुसरी गाडी बोलवावी तर ती पिरंगुटच्या गर्दीतून येईपर्यंत काय होईल सांगता येत नव्हतं. जबरदस्ती करावी तर त्यांनी खांबाला मिठी मारलेली, आणि गौतमी म्हणत होती की त्यांना अजिबात झटापट करू देऊ नका. अपेक्षा हुंदके देत होती. तेवढ्यात गौतमीनं पेटीतून ड्रेसिंगची चिकटपट्टी काढून माझ्या अंगावर टाकली.

मी पट्टी टराटरा फाडून 'कै.' झाकलं. आजी प्रौढशिक्षणाच्या वर्गात वाचायला शिकलेल्या. त्यांनी बोट धरून वाचलं. "यांच्या स्मरणार्थ म्हंजे बी मेलेलंच की. झाक." मी 'यांच्या' झाकलं, 'स्मर' झाकलं आणि पट्टी संपली. दारावर राहिलं, "साळूबाई णार्थ".

"णार्थ म्हंजे काय?" आजींनी विचारलं. छाती धरलेली, ओठ पांढरे पडलेले, तरी चौकशी पूर्ण. मी गौतमीकडं बघितलं. ती पापणीसुद्धा न हलवता म्हणाली, "डॉक्टरी शब्द आहे, आजी. लवकर बरं होणे."

आजींनी खांब सोडला. "म्हंजे गाडी माझीच झाली म्हनायची," म्हणाल्या, आणि आम्ही त्यांना उचलून आत घेतलं.

गाडी माझी म्हटल्यावर मालकीण गप्प बसेल होय? अपेक्षा माझ्या शेजारी पुढं, आजी मागं आडव्या, मधल्या खिडकीतून हुकूम. हैबतरावांच्या दारावरून जाताना "जरा जोरात वाजीव". पिरंगुटला एक लांबलचक कंटेनर रस्त्यात आडवा होऊन वळत होता, तिथं "त्याला म्हनावं कुटं निगालाय घर घिऊन". मागं मोटारसायकलींची नेहमीची वरात. मला तर हुरूप आला. इतकं बोलणारं माणूस मरत नाही असं मनात धरून मी गाडी रेटत होतो. भूगावच्या पुढं कधी नाही ते रस्ता मोकळा झाला, मी वेग घेतला, आणि मागचा आवाज बंद पडला.

गौतमी ओरडली नाही. "दादा, गाडी बाजूला घ्या, थांबवा," एवढंच म्हणाली. आत्या, इतके दिवस मी ज्या मोकळ्या रस्त्यासाठी देवाला हात जोडत होतो, तो समोर पसरलेला आणि मला ब्रेक मारायला लागला. कारण बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं मशीन चालत्या गाडीत नीट चालत नाही. मागच्या मोटारसायकलवाल्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला. त्यातला एक शिव्या देत खिडकीशी आला, त्यानं आत बघितलं. मग तोच गाडी आडवी लावून हात पसरून रस्त्यात उभा राहिला, मागचा एकही मोठा ट्रक त्यानं आमच्या अंगावर येऊ दिला नाही. आत गौतमी आजींची छाती दाबत होती. त्या मशीनमधून एक बाई इंग्रजीत शांतपणे सूचना देत असते. तिनं सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. गौतमी हात वर करून मागं सरली. अपेक्षानं माझी बाही इतकी घट्ट धरली की शिवण उसवली. आजींचं अंग एकदा उडालं. गौतमी परत दाबायला लागली. मला वाटलं, झालं, त्या 'कै.'वरची पट्टी आता मलाच काढायला लागणार.

मग आतून खरखरीत आवाज आला. "ही कोन बाई बोलतिया मदीच?"

मी स्टेअरिंगवर डोकं टेकून रडलो, खरं सांगतो. गौतमी म्हणाली, "दादा, रडा, पण गाडी चालवत रडा." तशीच चालवली.

दवाखान्यात डॉक्टर तयारच होते. आजींच्या हृदयाच्या बंद नळीत फुगा घालून वाट मोकळी केली. संध्याकाळपर्यंत आजी तिथल्या नर्सला तिच्या लग्नाबद्दल विचारत होत्या. मी मात्र बाहेर बाकड्यावर वेगळ्याच काळजीत. कारण हैबतरावांना कुणीतरी फोन केला होता की कैलासनं तुमच्या आईच्या नावावर पट्ट्या मारल्या आणि त्याच अवतारात गाडी पुण्याला नेली.

दुसऱ्या दिवशी हैबतराव पांढरे कपडे घालून आले. माझ्याशी एक शब्द नाही. सरळ आत गेले, मी त्यांच्या मागं, नोकरीच्या मागं जावं तसा. ते आजींच्या खाटेशी उभे राहिले. आजींनी त्यांना खालीवर बघितलं. "हैबत, तुझ्या गाडीला हादरे लई बसत्यात. जरा बरे पाटे घाल."

हैबतराव एकदम म्हणाले, "काकू, आई गेली तवा तुमी आला न्हाईत. समोरचं घर. सगळा गाव आला, तुमी न्हाई."

आजींनी वरच्या पंख्याकडं बघितलं. "कशी येनार? निम्मी माणसं माझ्या दारात रडत बसल्याली. त्यांना च्या कोन करून देनार हुतं?" आणि मग हळू आवाजात, "तिच्याच मौतीचा च्या म्या केला, हैबत. दोन दिस केला."

हैबतरावांना आधी हसू आलं आणि हसता हसता त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. मी बाहेर येऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं ते आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन्ही बाजूंचं कै. बी काढ. पट्टीनं नको, नीट रंग मारून घे." नोकरी राहिली, आत्या. 'णार्थ' सुद्धा राहिलं, कारण आजींनी ते काढू दिलं नाही.

आणि आता गंमत अशी की लोक रुग्णवाहिका मागत नाहीत. फोन येतो आणि पलीकडून म्हणतात, "साळूबाईला लवकर पाठवा." काल चांदे गावाहून फोन आला तेव्हा साळूआजी शेजारीच बसल्या होत्या (घरी आल्यापासून त्या रोज गाडी बघायला येतात). त्यांनी ऐकलं आणि मला म्हणाल्या, "निघ की मग, मानसं माझी वाट बघत्यात." कुणी गाडीत बसायला नाही म्हणत नाही आता. परवा तर एका आजोबांनी हात फिरवून 'णार्थ' वाचलं आणि आपणहून आत चढले.

पुरे करतो. मामांना नमस्कार, म्हशींच्या पाठीवर हात फिरव.

तुझाच,
कैलास

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. तुझ्या सुनेनं, सुनीतीवहिनीनं, मला चोरून फोन केला होता. गोठ्यापासून घरापर्यंत येताना तू तीनदा बसतेस, रात्री उशीला टेकून झोपतेस, आणि दवाखान्याचं नाव काढलं की पदर खोचून भांडायला उभी राहतेस, असं ती म्हणाली. हे सगळं मी गौतमीला सांगितलं. तिनं मला "दादा" एवढंच म्हटलं, आणि तिचा तो आवाज मी ओळखतो. येत्या गुरुवारी सकाळी तुला न्यायला येतोय. तयार राहा. वहिनीला रागावू नकोस, रागवायचं असेल तर गाडीत माझ्यावर रागव, वाट लांब आहे.

ता. क. (दुसरा) गावची रुग्णवाहिका तालुका सोडून तुमच्या वेल्ह्यापर्यंत आणता येत नाही, म्हणून हैबतरावांनी स्वतःची गाडी दिलीय. साळूआजी पण येणार आहेत. डॉक्टरांनी त्यांना एवढा प्रवास करू नका म्हणून बजावलंय, मी हात जोडले, हैबतरावांनी हात जोडले, पण त्या गुरुवारी नेसायचं लुगडं पेटीतून काढून बसल्यात. तुझ्याशी एकटीशी बोलायचंय म्हणतात. काय बोलायचंय म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "ते आमचं आमी बघू. तू गाडी चालीव."