एक नळी जास्त

प्रिय नझीहाताई,

ऑपरेशन झालं आणि मी बरी आहे, एवढं आईनं तुला फोनवर सांगितलंच असेल. कशाचं झालं ते मात्र तिनं सांगितलं नसणार. तिला लाज वाटते. मला आता वाटत नाही, म्हणून लिहिते.

मी कोरडी आहे, ताई. सकाळी उठल्यावर अजून अंथरूण चाचपून बघते आणि एकटीच हसते.

तुझ्या लग्नाआधी आपण एकाच गादीवर झोपायचो, आणि आई उठायच्या आत तू गादी उलटी करून ठेवायचीस. आजी मला आळशी म्हणायची. शेजारची झुबैदामावशी म्हणायची, लग्न झालं की थांबेल. आईनं ताईत बांधला, संध्याकाळचं पाणी तोडलं, शेवटी हातही उचलला. पण मी तुम्हा सगळ्यांसारखी वेळच्या वेळी लघवीला जात होते गं. जाऊन आल्यावरही थेंब थेंब चालूच राहायचं. तसं सांगितलं की आई म्हणायची, "दोन्ही कसं होईल? खोटं बोलू नकोस." मग मी सांगणंच सोडलं. समुद्रात मात्र खुशाल डुंबायचे, तिथं सगळेच ओले.

आपलं बेट सोडून स्फॅक्स शहरात ऑक्टोपस धुण्याच्या शेडमध्ये काम धरलं, तेही त्याचसाठी. रबरी एप्रन, गमबूट, फरशीभर पाणी. कोण कशानं भिजलंय कुणाला कळतं? सालेमचं स्थळ मी नाकारलं तेव्हा तू म्हणालीस, हिला शहराचं वारं लागलं. लागू दे म्हटलं. खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

या हिवाळ्यात डाव्या कुशीत कळ आली, सणकून ताप भरला. शेडमधल्या बायकांनी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर सुआद उतारवयाच्या, बोलायला तुटक. त्यांनी तपासलं, आणि मान वर न करता विचारलं, "एकदा जाऊन आल्यापासून परत जाईपर्यंत कधी कोरडी असतेस का?"

ताई, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मी म्हणाले, "कधीच नाही." आणि रडायलाच लागले. त्यांनी रडू दिलं.

पोटाचे आतले फोटो काढल्यावर त्यांनी मला समजावलं. माणसाला दोन मूत्रपिंडं, प्रत्येकाची एक नळी. दोन्ही नळ्या खालच्या पिशवीत उतरतात आणि पिशवीच्या तोंडाशी स्नायूची गाठ असते, ती आवळून आपण लघवी धरतो. माझ्या डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या भागाला वेगळीच एक नळी होती. ती पिशवीत न शिरता थेट त्या गाठीच्या खाली उघडलेली. तिला अडवायला कुणीच नाही, म्हणून ती जन्मापासून गळत होती. "आळस कसला," त्या म्हणाल्या, "तुझ्यात एक नळी जास्त आहे, एवढंच." ऑपरेशनमध्ये ती शेजारच्या नळीला जोडून दिली. झालं. एवढ्यासाठी मी तेवीस वर्षं मान खाली घालून जगले.

ऑपरेशनला आई आली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. ती माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन दाबत राहिली. मी नको म्हणाले नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ईदला तुझ्याकडे आले होते, तेव्हा सगळी पोरं जेवायला कुसकुसच्या परातीभोवती बसली आणि तुझी रीम भिंतीला पाठ लावून उभीच राहिली. तू ओरडलीस, "बस की गं, काय अवदसा आठवलीय?" ती बसली नाही. तिनं दोन झगे एकावर एक घातले होते, त्या उकाड्यात. डॉक्टर म्हणतात, हे कधी कधी एका घरात दोघींना असतं. रीमचं दुसरंच काही असेल, काही नसेलही. पण तिला मारू नकोस, आणि ती जे सांगेल ते खरं धर. शुक्रवारी सकाळच्या बोटीनं तिला घेऊन ये. मी धक्क्यावर थांबते. दवाखान्यात तिचा हात धरून मी आत जाईन.

तुझीच,
वसीला