सर्व्हरला सोडलेली माया

ती. आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? खरं लिही, मागच्या वेळी बरी आहे म्हणालीस आणि बाबांकडून कळलं, की तू उभ्यानंच जेवतेस. मी ठीक आहे (जेवण जात नाही, पण त्याचं कारण पुढे येईल). फोन न करता लिहितेय, कारण तुझा फोन दुकानात सदा स्पीकरवर असतो आणि कपडे शिवायला आलेल्या सगळ्यांना माझी नोकरी पाठ होते.

तर काम असं. ऑफिसातल्या मोठ्या संगणकाच्या पोटात आम्ही पुष्कळ खोटे संगणक करतो, त्यांना व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात (खोटे म्हणजे फसवणूक नव्हे, मी साहेबांना आधीच विचारून घेतलं होतं). प्रत्येकाला डिस्कवर स्वतःच्या संसारापुरती जागा तोडून द्यायची, ती सिस्टिम पार्टिशन. ती किती, हे साहेबांनी मला ठरवायला सांगितलं, आणि मला कायम करायचं की नाही ते यावरूनच ठरणार. जागा कमी पडली तर सर्व्हर रोजच्या नोंदींनीच तुंबून बसतो. मग तू आठवलीस. वाढतं अंग म्हणून माझ्या शाळेच्या झग्याच्या शिवणीत तू आत दुमडून इतकी माया सोडलीस, की तो चौथीपर्यंत पुरला. मी प्रत्येक सर्व्हरला तशीच सढळ हातानं सोडली. शेवटी पगाराच्या सर्व्हरची पाळी आली, तर डिस्क संपलेली. बाकीचे रिकाम्या जागेत ऐसपैस लोळताहेत आणि पगार दाराबाहेर उभा. साहेब म्हणाले, आता थोडं थोडं आत घे. पण इथं सैल करणं चुटकीचं काम आणि आत घ्यायचं तर सगळं उसवून पुन्हा शिवायचं. आठवडाभर उसवतेय.

मिटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे माप कुणाच्या सल्ल्यानं? मी खरं तेच सांगितलं: आत्याच्या, तिचा आयुष्यभराचा अनुभव आहे. कशातला, ते कुणी विचारलं नाही (मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात चहा आला). तू मात्र काळजी करू नकोस.

तुझी भाची

ता.क. तुला तज्ज्ञ समजून साहेब पुढच्या आठवड्यात फोन करणार आहेत. खोटं बोलू नकोस. फक्त "कामाप्रमाणे बघावं लागेल" एवढंच म्हण.

ता.क. २ राहवलं नाही. पाकीट चिकटवण्याआधी जाऊन सांगून आले, की तू कपडे शिवतेस. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "फोन तरीही करणार. एवढ्या विश्वासानं जिचं ऐकतेस, तिच्याशी बोलायलाच हवं." मला कायम करणार का, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. तेवढं तू विचार.