दहाच्या दहा

६ जानेवारी, सोमवार

एक्कावन्नाव्या वर्षी नवी नोकरी आणि नवी वही. वही साधनाने आणली. म्हणाली, तीन महिने घरात बसून माझं डोकं खाल्लंत, आता हिचं खा.

ऑफिस ओळखीच्याच चांगी बिझनेस पार्कात, फक्त माझ्या जुन्या बँकेच्या पलीकडच्या इमारतीत. चौदा वर्षं बँकेत ग्राहकांचे रेकॉर्ड झालेले फोन ऐकले. कोण खरं बोलतोय, कोण थाप मारतोय, हे आवाजावरून सांगायचो. मग ऐकणारं सॉफ्टवेअर आलं आणि मला केक कापून निरोप दिला. साताऱ्यात रेडिओ दुरुस्त करायचो, तेव्हापासून हे दोन कानच मला पोसत आलेत. बाकी ना डिग्री, ना मामा-काका.

मालक चंद्रशेखर साठे. मला पहिल्या मिनिटापासून ‘प्रबोधराव’. कंपनी इथे परदेशात आलेल्या आपल्या आयटीवाल्यांना हिवाळ्यात जपानला नेते, होक्काइदोच्या डोंगरांत. शुक्रवारी विमान, शनिवारी डोंगर, रविवारी परत. खेळाचं नाव स्प्लिटबोर्डिंग. बर्फावरून घसरायची एक रुंद फळी असते, ती मधोमध उभी सुटते. दोन अर्ध्या दोन पायांत घालायच्या, खाली केसाळ पट्टी चिकटवायची आणि आपल्या पायांनी डोंगर चढायचा. वर गेल्यावर अर्ध्या जोडून पुन्हा एक फळी, आणि सुसाट खाली. वर नेणारा पाळणा नाही, दोरी नाही, आखलेली वाट नाही. मी विचारलं, एवढे कष्ट करून पुन्हा खालीच यायचं? साठे खूप हसले.

माझं काम एसीत बसून ऐकायचं. दहा जणांचा गट, प्रत्येकाच्या खांद्याला वॉकी-टॉकी. पायथ्याच्या खांबावर एक सेट आहे, तो सगळ्यांचे आवाज सॅटेलाइटवरून माझ्या टेबलावर आणतो. चढण्याआधी, माथ्यावर आणि खाली व्हॅनमध्ये बसल्यावर, अशी तीनदा गिनती. साठ्यांनी ही पद्धत एनसीसीतून उचलली. ज्याने त्याने आपला आकडा मराठीत, आपल्या तोंडाने सांगायचा. व्हॅन दोन असतात, बर्फ पडत असला की समोरचं दिसत नाही, सगळ्यांची तोंडं गॉगल-मास्कमध्ये. म्हणून शेवटचा शब्द टेबलाचा. दहा आकडे आले की मी म्हणायचं ‘ट्रिप बंद’, मगच गाड्या हलतात.

आधी टेबलावर असलेली बाई अचानक सोडून गेली म्हणे. तिचं नशीब, माझी खुर्ची. येताना टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमधून तिघांसाठी चिकन राइस घेतला.

११ जानेवारी, शनिवार

पहिली ट्रिप, मजा आली. गाइड संजीव मूळचा कोथरूडचा, हिवाळाभर तिकडेच असतो. तिकडे उणे नऊ आणि त्याच्या तोंडात ‘काय म्हणता प्रबोधराव, उकडतंय का?’

तासाभरात दहाही आवाज पाठ झाले. दोन नंबरला सर्दी. सात नंबर च्युइंगगम चघळत बोलतो. नऊ नंबरच्या बाई आकडा सांगतानाही लाजतात. माथ्यावरच्या गिनतीला सगळे भात्यासारखे धापा टाकत होते. एकटा सहा नंबर शांत. जणू खुर्चीत बसून बोलतोय. तीन तास चढून श्वास जागचा हलला नाही. म्हटलं, वा! आवाजही बदललेला वाटला, पण ते थंडीने होत असेल. मग खाली व्हॅनमधली गिनती.

दहाच्या दहा. ट्रिप बंद.

१२ जानेवारी, रविवार

ईस्ट कोस्टला गट जेवायला जमला, साठ्यांनी मलाही बोलावलं. सहा नंबर म्हणजे निशिकांत, बँकेत आहे. चांगला शंभर किलोचा. त्याच्या दमाचं कौतुक केलं तर टेबल खो खो हसायला लागलं. निशिकांत म्हणाला, अहो काका, मी त्या गिनतीला माथ्यावर होतो कुठे? अर्धा तास मागे, एका झाडाला मिठी मारून उभा होतो! हातमोज्यातून बटण दाबेना. कोणीतरी माझी प्रॉक्सी मारली.

मग ज्याच्या त्याच्या कॉलेजच्या गोष्टी निघाल्या. इंजिनिअरिंगला कोण कोणासाठी किती आवाज काढून हजेरी द्यायचा. निशिकांतने विचारलं, कोण रे तो देवमाणूस, त्याला एक प्लेट साते माझ्याकडून. कोणी हात वर केला नाही. फुकटचं साते नाकारणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मी जेवता जेवता एकेकाला बोलतं केलं, दहाही जणांना.

तो आवाज त्यांच्यातला नव्हता.

१५ जानेवारी, बुधवार

जुनी रेकॉर्डिंग काढून बसलो. साठे बाहेर होते.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आवाज सापडला. पहिल्या गिनतीत सहा नंबर. ‘सहा’ म्हणताना शेवटचा ‘हा’ जरा लांबवतो. नाव अंकुर, वय सत्तावीस, मूळ नाशिकचा. माथ्यावरही तोच आहे, दमलेला, खुशीत. आणि तिसऱ्या गिनतीत, व्हॅनमधून ‘सहा’ म्हणणारा गळा पाच नंबरचा आहे. पाच म्हणून, घसा खाकरून, जरा जाड आवाजात सहा. दोस्त मागे राहिलाय, येईलच, कशाला सगळ्यांना थंडीत थांबवा, एवढाच विचार. प्रॉक्सी.

त्याच्यामागे माझ्याआधीच्या त्या बाईचा आवाज: ट्रिप बंद.

अंकुर अकरा दिवसांनी बर्फाखाली सापडला. कंपनीच्या अहवालात एक ओळ आहे: सहभागी स्वतःच्या इच्छेने गटापासून वेगळा झाला.

परवाच्या शनिवारचं रेकॉर्डिंग त्याच्या शेजारी लावून वीस वेळा ऐकलं. तोच ‘हा’, तसाच लांबवलेला. फक्त श्वास नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

साठ्यांना सांगितलं. त्यांनी दार लावलं आणि स्वतः कॉफी करून दिली. म्हणाले, प्रबोधराव, तुमचे कान म्हणजे खजिना, पण खजिना झाकून ठेवायचा असतो. रेकॉर्डिंगमध्ये जुने आवाज मिसळतात, मशीनचा दोष. आणि बाय द वे, ते जुनं फोल्डर उडवायचं राहूनच गेलंय, तेवढं करून टाका. जाता जाता सहज म्हणाले, तुमचा पास झाला ना वेळेत? बरं झालं.

इथे राहायचा पास कंपनीवर असतो. कंपनी सुटली की तीस दिवस, मग सामान बांधा. कायमचं राहण्यासाठी केलेला पीआरचा अर्ज दोनदा परत आलाय. लेक गार्गी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

फोल्डर उडवलं.

२५ जानेवारी, शनिवार

तिसरी गिनती. तीन नंबर अनुया, बोलताना किंचित बोबडी. आज ‘तीन’ म्हणणारा पुरुष होता, तोच, श्वास नसलेला. संजीवला, दोन्ही व्हॅनना, त्या खरखरीत कोणालाच फरक कळला नाही. साठे माझ्यामागे उभे होते, तेही म्हणाले, झाले दहा. मी बंद केलं नाही. संजीवला म्हटलं, तीन नंबरला डोळ्यांनी बघ. तो वैतागला. पहिल्या व्हॅनला वाटत होतं ती दुसरीत आहे, दुसरीला वाटत होतं ती पहिलीत.

दोनशे मीटर मागे, छातीपर्यंत बर्फात सापडली. जिवंत.

साठे ‘शाबास’ म्हणाले नाहीत. म्हणाले, लोक आता रिव्ह्यूत काय लिहितील देव जाणे.

मला मात्र घरी येताना एमआरटीच्या डब्यात छाती फुगल्यासारखं झालं. कोणी का असेना तो, माझ्या कानांपुढे चालणार नाही.

२७ जानेवारी, सोमवार

अंकुरच्या वडिलांची ईमेल. दर महिन्याला येते म्हणे. निवृत्त मास्तर, शुद्धलेखन चोख. प्रश्न एकच: शेवटच्या हजेरीत माझ्या मुलाने स्वतः आकडा दिला होता का? दिला असेल तर तो खाली पोचला होता, मग पुन्हा वर का गेला? दिला नसेल तर गाड्या का निघाल्या? कृपया एवढंच कळवा, आम्हा दोघांना झोप लागत नाही.

साठे म्हणाले, प्रबोधराव, तुमची भाषा गोड आहे, एकदाच असं लिहा की पुन्हा विचारणार नाहीत.

लिहिलं. ‘मी स्वतः रेकॉर्डिंग ऐकले आहे. आवाज ओळखणे हेच माझे आयुष्यभराचे काम आहे. आपल्या चिरंजीवांनी तिसऱ्या गिनतीत आपला आकडा स्वतः, स्पष्ट आवाजात दिला होता.’

पाठवलं. मग बेसिनपाशी जाऊन उगाच हात धुतले. साधनाला सांगितलेलं नाही. एका बापाला त्याच्या पोराचा खोटा आवाज विकला मी, आणि वर सही केली.

१ फेब्रुवारी, शनिवार

नवी ट्रिप. तिन्ही गिनत्या कान फाटेस्तोवर ऐकल्या. ज्याचा आवाज त्याचा, ज्याचा दम त्याचा. तो नव्हता. संजीवला सांगून पुन्हा डोकी मोजवली, दहाच.

संपलं बहुतेक. मास्तरांना लिहिलेलं माझं पत्र त्यालाही पोचलं असेल. वाईट विनोद आहे, पण आज हसू आलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

साठ्यांनी घरीच फोन केला. शनिवारी एक जागा रिकामी आहे, घरची मुलगी, गार्गीला पाठवा. कसलं बक्षीस आहे हे मला कळतं. गार्गी दोनदा मैत्रिणींबरोबर कोरियाला स्नोबोर्डिंग करून आली आहे, ती तर उडीच मारायला लागली.

मी नको म्हटलं. का, ते सांगता येईना. सांगायचं तर फोल्डरपासून सांगावं लागेल, मास्तरांच्या पत्रापर्यंत. साधना म्हणाली, इतरांच्या पोरांना पाठवता तेव्हा बरं चालतं. गार्गी म्हणाली, पा, यू आर द वन लिसनिंग, व्हॉट कॅन हॅपन ला?

खरंच होतं ते. वीस वर्षं त्या पोरीचा आवाज ऐकतोय. खोकली तरी शेजारच्या खोलीतून कळतं, सर्दी आहे की रडते आहे.

हो म्हणालो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टर्मिनलवर सोडून आलो. नऊ नंबर मिळालाय. तिला म्हटलं, खणखणीत बोल. म्हणाली, येस बॉस.

दिवसभर मास्तरांचं उत्तर आलं का ते बघत होतो. संध्याकाळी आलं. ‘आपले आभार. आता आम्ही विचारणार नाही.’ एवढंच.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ८.१०. पहिली गिनती. ‘नऊ, पा!’ सगळे हसले. मीही.

११.४०. माथा. दहाच्या दहा. तिला किती दम लागलाय. मागे वारा. संजीव म्हणतो हवा फिरतेय, लगेच उतरतो.

१.३५. बर्फ जोरात. रस्ता बंद करणार आहेत, फाटक पाडायच्या आत गाड्या निघायला हव्यात.

१.५५. तिसरी गिनती. एक ते आठ बरोबर. ‘नऊ’ — गार्गी. तिचाच आवाज, धाप तिचीच, शब्दाच्या शेवटी हसते तीही तशीच. दहा. साठे म्हणाले, उरका. संजीवला पुन्हा डोकी मोजायला सांगणार होतो. पण मुलीचा आवाज मला कळणार नाही?

म्हणालो, ट्रिप बंद.

२.०५. गाड्या निघाल्या. संजीवने सेट बंद केले. फाटकापलीकडे दरी, चाळीस मिनिटं मोबाइल लागत नाही. चहा आणला.

२.११. टेबलावर खरखर. कोणाचा तरी सेट चालू राहिलाय.

२.१२. पा?

ती. पा, आय कान्ट सी द व्हॅन्स. सगळे कुठे गेले? गिनती कधी आहे?

बटण दाबून ओरडतोय. तिला ऐकू जात नाही. ती नऊ म्हणतेय. पुन्हा पुन्हा नऊ.

२.१५. संजीव लागत नाही. दुसरी व्हॅनही लागत नाही. साठे तिकडच्या बचाव पथकाशी फोनवर. ते विचारतात, नक्की माणूस कमी आहे का? साठ्यांनी तिसरी गिनती लावून मला ऐकवली. ही तुमचीच मुलगी ना, प्रबोधराव? व्हॅनमध्ये आहे ती. आणि फोनवर सांगितलं — आमच्या रेकॉर्डमध्ये दहा पूर्ण आहेत, आमच्या माणसाने स्वतः आवाज ओळखलाय.

माझ्या पत्रातलंच वाक्य.

फोन हिसकावला. तोवर तिकडून ठेवला होता. साठ्यांना म्हटलं, हे ऐका, ही आत्ता बोलतेय. त्यांनी हेडफोन लावला. म्हणतात, नुसती खरखर आहे.

२.२१. मी पुन्हा पथकाचा नंबर फिरवतोय. होल्डवर. कसलं तरी जपानी संगीत.

तिचे दात वाजतायत. पा, वरती जाऊ की खाली? मी ओरडतोय, खाली ये, खांबाकडे, खांब शोध —

२.२३. थांबली. ऐकतेय कोणाचं तरी.

म्हणतेय, ओके पा. आत्ता क्लिअर येतंय तुझं.

मी बटण दाबलेलंच नाही. माझा हात वहीवर आहे.

ओके पा. नो, नॉट स्केअर्ड. ओके, हलत नाही. बसते इथेच. जॅकेट? पण पा, इट्स सो — ओके. ओके, काढते, तू म्हणतोस तर —

गार्गी नको तो मी नाही गार्गी तो मी ना