मधला कडप्पा

४ मार्च
तेलगावला कदमांच्या नव्या घरी स्वयंपाकाच्या ओट्याचं माप घेतलं. सहा फूट. दत्ताराव कदमांना वीस एमएमचा दगड पाहिजे. "मिस्त्री, कसं भक्कम दिसलं पायजे. पाव्हणे हात लावून बघतेत." त्यांची बायको, सुनीतावहिनी, म्हणाल्या, "पाव्हण्यायला ओट्यावर निजायचंय का?"
मी सोळाचा सुचवला. पुढच्या कडेला खालून त्याच दगडाची पट्टी चिकटवली की दुप्पट जाड दिसतो. कड अर्धगोल घासायची, म्हणजे पोटाला टोचत नाही, पातेलं आदळलं तरी टवका उडत नाही. मागची बाजू भिंतीच्या खाचेत. खाली तीन उभे कडप्पे, दोन टोकांना, एक मधे. वजन जाडी पेलत नाही, आधार पेलतो. हे फार ठासून सांगितलं.

८ मार्च
दगड बसवला. कड रशीदभाईनं घासली. वीस वर्षांची जोडी आमची, दगड माझा, कड त्याची. सध्या त्याचे रोजे. तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि दिवसभर ग्राइंडरपुढं. म्हणालो, सावलीत बस थोडं. "तू तुझं बघ बे."
मधला कडप्पा दोन बोटं आखूड निघाला. माप माझंच चुकलं. दुसरा तुकडा आमच्या गावाहून, धारूरहून, आणावा लागणार. गावात सप्ता, संध्याकाळच्या कीर्तनात टाळ धरायचा होता. रशीदभाई पुढच्या कामावर गेलेला. मी साडेचारला निघालो. विटा रचून टेकू तरी द्यायचा. तेही नाही. उद्या लावू.

१२ मार्च
गेलो नाही. आधी सप्त्याची पंगत, मग तलवाड्याला लेकीकडं. दत्तारावांचा फोन, ओट्याखाली दारं बसली, दोन दिवसांत वास्तुशांती, या. कडप्प्याचं ओठावर आलं होतं. दारं लागली की आत कोण बघतं, असं मनात आलं. गप्प बसलो.

१७ मार्च
ओटा मोडला. काल वहिनी माळ्यावरची परात काढायला ओट्यावर चढल्या, मधोमध दगड दुभंगला. घोट्याचं हाड मोडलं. अंबाजोगाईला नेऊन प्लास्टर केलं. उकळतं दूध नुकतंच उतरवलेलं होतं म्हणे. पुढचा विचार करवत नाही.

१८ मार्च
रशीदभाईला घेऊन गेलो. पडलेला दगड अंगणात काढून ठेवलेला, दारं उखडलेली. दत्ताराव माझ्याशीच बोलत होते, तो शेजारी उभा असून. "रोजे धरून मशीन चालवतेत. हात थरथरला असंल, कडेला चीर गेली असंल. पोटात अन्न नसताना दगडाला हात कावून लावावा मानसानं?"
मला बोलायचं होतं. माझी मान हलली. हो म्हणून नाही, पण त्यांनी हो धरलं.
रशीदभाईनं मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. "असंल," म्हणाला. "दुपारनंतर हात जड पडतोय खरं."
परतीच्या रस्त्यात मी पिकांविषयी बोलत राहिलो.

२० मार्च
नवा दगड बसवला. आधी मधला कडप्पा, ओळंबा लावून. जुना ओटा कसा होता हे सांगणारं आता तिथं काही उरलं नाही. मीच सगळं बुजवलं.
दुपारी रशीदभाईनं डबा उघडला. मी बघत राहिलो. म्हणाला, "बघतोस काय? काम असंल त्या दिवशी रोजा न्हाई. कुणाची बायको परत पडायला नगं." भिंतीकडं तोंड करून जेवला. अर्धी भाकरी ठेवून दिली.

२६ मार्च
एकादशी. घरात मी उपाशी, आणि तो माझ्यामुळं जेवतोय. पोथी उघडली, एक ओवी वाचून मिटली. बायकोनं विचारलं, बरं नाही का. म्हणालो, पित्त.
त्या दिवशीच्या कीर्तनात महाराज काय बोलले ते आठवून पाहिलं. एक वाक्य आठवत नाही. टाळ मात्र…

३१ मार्च
ईद. रशीदभाईकडं शिरखुर्म्याला गेलो. भाभींनी दोनदा वाढलं. तो म्हणाला, "नऊ रोजे सुटले. आता एकेक करून फेडायचे." हसत म्हणाला.
मग त्याला मागं हौदापाशी नेऊन सांगितलं. मधला कडप्पा लावलाच नव्हता. चीर तुझी नव्हती.
तो हौदाच्या कठड्यावर बसला. शिव्या देईल वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"तेलगावला सांगितलं?"
"नाही."
"मंग मला काय सांगतो बे. त्यांनी माझ्या रोज्याला नावं ठेवली, तू हुबा व्हतास. पहले तिकडं जा. मंग ये हितं."

५ एप्रिल
तेलगावला गेलो. दत्ताराव शेतात. वहिनी खाटेवर, पाय उशीवर. त्यांनाच आधी सांगितलं.
म्हणाल्या, "मला ठावं हाय. पहिल्या वेळी मधे सिलिंडर आडवा मावत व्हता, आता मावंना. ह्यांना म्हणलं तं म्हणले, तुला काय कळतंय दगडातलं."
"मग मला का नाही विचारलंत?"
"तुमीच सांगायचं व्हतं की."
दत्ताराव आले. उभ्यानंच सगळं सांगितलं. माप चुकलं, सप्त्याला गेलो, परत आलो नाही. ते ऐकत होते आणि चेहऱ्यावर हसू येत होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, लई मोठं मन तुमचं. दोस्ताचं पाप अंगावर घेयलेत. असा मानूस न्हाई ऱ्हायला. जाऊ द्या, त्यालाबी आमी माफ केलं."
म्हणालो, तसं नाही, खरंच. म्हणाले, "बरं बरं." वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी शपथ घ्यायला हवी होती, खाली बसून, दारं उघडून, सिलिंडर आता का मावत नाही ते दाखवायला हवं होतं. दत्तारावांनी आत जाऊन स्वतः चहा केला. कप हातात दिला. मी घेतला. पूर्ण प्यालो.
धारूरला उतरलो तेव्हा ऊन होतं. रशीदभाईच्या शेडमधून ग्राइंडरचा आवाज येत होता. आज त्याचा रोजा आहे, तिसरा की चौथा. मागच्या गल्लीनं घरी आलो.