प्लॅस्टिकला इस्त्री

ती. मामांस साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच). आपला गुडघा काय म्हणतो? मामींचा राग एव्हाना निवळला असेल. आम्ही ठीक आहोत. ठीक कसले, मामा, आम्ही जिंकलो आहोत.

माझी नोकरी कळली तेव्हा तुम्ही, जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस, म्हणाला होतात की प्लॅस्टिकमधून वीज जात नाही म्हणून तर मी जिवंत आहे. तर ऐका. आमच्या प्लॅस्टिकमधून (खरं तर पॉलिमर म्हणायचं, पण तुम्हाला सूट) वीज जाते, आणि उन्हात धरलं की तयारही होते. पॉलिमरची शाई पातळ पट्टीवर छापायची की झाला सोलर सेल. काच नाही, वजन नाही, गुंडाळून काखेत मारता येतो. तसाच मारून मी तो परवा घरी आणला (नियमात बसत नाही), कारण दुसऱ्या दिवशी समिती येणार होती, तिच्यासमोर या सेलवर पंखा फिरला नाही तर आमचा विभाग बंद, आणि पंखा काही केल्या हलत नव्हता. गच्चीवरच्या कडक उन्हातही ढिम्म. मी डोकं धरून बसलो, तेवढ्यात तुमच्या भाचेसुनेने, पट्टी चुरगळलेली पाहून, माझ्या शर्टाबरोबर तिच्यावरही सुती फडकं टाकून इस्त्री फिरवली. वर मलाच विचारते, "साहेबांसमोर हे असं नेणार होतात?"

मी रडायचाच बाकी होतो. समितीसमोर देवाचं नाव घेऊन तारा जोडल्या. आणि मामा, पंखा असा सुटला की अध्यक्षांनी टकलावर आडवे घेतलेले केस उभे राहिले. ऊब मिळाली की पॉलिमरचे विस्कटलेले धागे म्हणे ओळीत बसतात आणि विजेला वाट मोकळी होते. विभाग वाचला. मला इतका आनंद झालाय की ऑफिसात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना मिठ्या मारून झाल्या. मामींना नमस्कार.

आपला विजयी भाचा

ता. क. समितीला मी इस्त्री म्हटलेलं नाही, 'खास उष्ण प्रक्रिया' म्हटलंय. आता त्यांनी तशाच आणखी पट्ट्या मागितल्या आहेत. नव्या इस्त्रीवर सगळ्या करपल्या. जमतं ते फक्त आमच्या जुन्या इस्त्रीवर, जी गेल्या खेपेला तुम्ही उघडून दुरुस्त केली होती. तुम्ही आत नेमकं काय केलंत, ते आठवेल तसं लगेच कळवा.

आणखी एक. कळवू नका, निघूनच या. ती इस्त्री आत्ताच बंद पडली.