वाळूत उडी मारण्याआधी करून ठेवलेली व्यवस्था

मी, खाली सही करणारा, मैदानावर ठिणगी या नावाने ओळखला जाणारा, वय बावीस, काम फोमच्या गाद्या कापण्याचे, शिक्षण पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत, राहणार दादा-वहिनींच्या घरातली मागची खोली, आज मंगळवारी आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहायला घेत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दादाला तसे वाटत नाही, पण त्याला ते मी बोलायला लागल्यापासून वाटत नाही, तेव्हा त्याचे मत या कामी धरू नये. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेलेही नाही.

लिहिण्याचे कारण असे. येत्या शनिवारी संध्याकाळी मी आमच्या मैदानावर बांबूउडी मारणार आहे. त्यात नवल नाही, शाळेपासून मी तेच करतो. पण नाव बांबूउडी असले तरी आमच्या हातात असते फायबरची काठी. ती धनुष्यासारखी वाकते आणि माणसाला वर भिरकावते. खाली छातीइतकी उंच फोमची गादी असते. शनिवारी माझ्या हातात खरा बांबू असेल आणि खाली वाळूचा जुना खड्डा. आडवी दांडी आमच्या मैदानावरच्या जुन्या मास्तरांच्या उंचीवर, म्हणजे जी उंची ओलांडून मास्तर त्यांच्या तरुणपणी साऱ्या प्रांतात पहिले आले होते, तिथे. मास्तरांच्या खेळातल्या जोडीदाराचा बांबू असाच एकदा मधोमध तुटला. तो माणूस पुन्हा उभा राहिला तो कुबड्या घेऊनच. म्हणून ही व्यवस्था.

आमच्या खाली राहणाऱ्या वकीलकाकांना मी मसुदा कसा करतात ते विचारायला गेलो, तर ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "लिही बाबा. साक्षीदार दोन घे. आणि ज्याला काही मिळणार आहे त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नकोस, मागाहून कटकटी होतात. आणि उडी नाही मारलीस तर कागद वाचेल."

आता ही पाळी का आली ते. गेल्या रविवारी बक्षीस समारंभ झाला. मी पहिला आलो होतो आणि अंगात वारे शिरले होते. माझा मित्र लंबू, जो दुसरा आला, मास्तरांच्या खुर्चीपाशी जाऊन म्हणाला, "मास्तर, खरे खेळाडू तुमच्या वेळचे. आम्ही आपले गादीवर लोळणारे." लंबूला लोणी लावायची सवय आहे. मला मात्र ते झोंबले. पहिला मी, आणि लोळणाराही मीच? मी म्हणालो, "लंब्या, उगाच काहीतरी बोलू नकोस. मास्तरांच्या उंचीवरून आता शाळेतल्या मुलीसुद्धा जातात."

मास्तर म्हणाले, "खरंय ते," आणि खुर्ची सरकवून उठू लागले. त्यांचा डावा घोटा वळत नाही, उठायला वेळ लागतो. उठून ते हळूहळू निघून गेले.

त्यांची धाकटी मुलगी मागेच उभी होती. तिच्यावर माझा जीव आहे हे इथे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कळणार नाही. ती मोठ्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात परिचारिका आहे. कॉलेज मी खेळासाठी सोडले असे सगळ्यांना सांगतो. निम्मे कारण असे की तिची ड्यूटी सुटायची वेळ आणि माझ्या शेवटच्या तासाची वेळ एकच होती.

ती पुढे आली. "एवढी मिजास आहे ना? मग बाबांच्या वाळूत, बांबूने उडी मारून दाखव. आणि मग तोंड उघड."

"शनिवारी दाखवतो," मी म्हणालो.

ती रागात बोलली, मीही रागात बोललो. लंबूने मात्र शांत डोक्याने सगळ्या मैदानाला कळवले. आता मागे फिरलो तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि तिच्यासमोर तर नाहीच नाही. ती त्या दिवसापासून माझा फोन उचलत नाही.

कलम एक. घर माझे नाही. मागच्या खोलीतली खिडकीकडची बाजू माझी आहे, ती मी वहिनीला देतो. तिथे तिने शिवणयंत्र ठेवावे, उजेड चांगला येतो. दादाने तिथे जुनी रद्दी रचू नये. तो रचणार हे मला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवतो.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते आईला. आईला या शनिवारबद्दल काही सांगितलेले नाही. तिला वाटते मी नवे कपडे हवेत म्हणून गप्प गप्प आहे.

कलम तीन. फोम कापायची माझी लांब पात्याची सुरी आणि धार लावायचा दगड दादाला. कारखान्यात मला त्यानेच चिकटवले, आणि तो तिथला मुकादम असल्याने सगळ्यांत जास्त शिव्याही मीच खाल्ल्या. दादा, ती सुरी कोणाला उसनी देऊ नकोस. मैदानावरची गादी मी या सुरीने कापली आहे, तिन्ही थर. खालचा कडक, मधला मध्यम, वरचा मऊ. ती बसवली त्याच महिन्यात माझी उडी वाढली. पाय तेच होते, काठी तीच होती. तेव्हा मी हे कोणाला बोललो नाही.

कलम चार. माझी फायबरची काठी लंबूला. त्याच्या वजनाला ती थोडी नरम पडेल, त्याने जपून वाकवावी. त्याने माझ्यावर आणि माझ्याविरुद्ध, दोन्ही बाजूंनी पैज लावली आहे असे कळले. तरीही काठी त्यालाच. दुसऱ्या कोणाला ती कशी धरायची ते कळणार नाही.

कलम पाच. क्लबच्या चिटणीसांना काही देत नाही. त्यांनी मास्तरांचा फोटो कार्यालयातून काढून तिथे पाणी थंड करायचे यंत्र बसवले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "अरे, फोटो बघून कोणाची तहान भागते का?" यंत्र आठ दिवसांत बंद पडले. फोटो जागेवर गेला नाही.

हे सगळे मंगळवारी लिहिले. पुढचे गुरुवारी लिहीत आहे आणि त्याला कारण माझा उजवा पाय.

बुधवारी मैदान रिकामे बघून मी बांबू घेऊन सराव करायला गेलो. दांडी लावली नव्हती. धावलो, बांबू रोवला आणि वर गेलो. फायबरची काठी वाकते तेव्हा ती तुम्हाला वेळ देते. बांबू वेळ देत नाही, तो सरळ उभा होतो आणि तुम्हाला टांगून ठेवतो. वर गेल्यावर मी नेहमीसारखा आकाशाकडे बघत पाठ टाकणार, तोच आठवले की खाली गादी नाही. हवेतच वळलो, एका पायावर आलो आणि वाळूत नांगर फिरवल्यासारखा घसरत गेलो.

इस्पितळात तिच्याच वॉर्डात जावे लागले. शहरात दुसरे डॉक्टर नाहीत असे नाही.

"पाय इकडे कर," ती म्हणाली.

"दुखतोय."

"दुखायलाच हवा. हाड शाबूत आहे, नशीब समज. अक्कल कुठे मोडली ते एक्स-रेत दिसत नाही."

"तूच म्हणालीस दाखव म्हणून."

"मी म्हणाले म्हणून? मी पोरांना रोज म्हणते, चालताना फोनकडे बघू नका. एक ऐकत नाही. तुला नेमकं हेच ऐकायचं होतं?" पट्टी गुंडाळताना तिचे हात जरा जोरात चालत होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तू बाबांची माफी मागावीस, एवढंच मला हवं होतं. पाय मोडून घ्यावास असं नाही."

"माफी मागितली तर मी घाबरलो म्हणतील."

"घाबरला नाहीस का?"

मी उत्तर दिले नाही. इथे देतो. घाबरलो.

कलम सहा, मास्तरांसाठी. यात वस्तू काही नाही. गुरुवारी सकाळी लंगडत त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडले. माझा पाय बघितला, आपला बघितला आणि म्हणाले, "ये. आज जोडी जमली."

मी म्हणालो, "मास्तर, रविवारी मी जे बोललो..."

"ते खरंच आहे. मुली जातात. मी टीव्हीवर बघतो, मला आवडतं. मला एकदा कोणीतरी ती तुमची फायबरची काठी धरायला दिली होती. वाकली, आणि मी घाबरून सोडून दिली. ती वाकल्यावर तिच्यावर भरवसा टाकून उलटं लटकायचं, हे धाडस माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. त्यामुळे तुम्ही पोरं कमी आहात असं माझ्या तोंडून कधी निघायचं नाही."

"मग तुम्ही उठून का गेलात?"

"बाथरूमला," मास्तर म्हणाले. "आणि वाईटही वाटलं. नाही म्हणत नाही."

मग ते म्हणाले, "पण रविवारचं मी गिळलं होतं. शनिवारचं जे तू ठरवलंस ना, ते जास्त लागलं. पहिलं अख्खं वर्ष मला बांबूला हात लावू दिला नव्हता. खड्ड्याकाठच्या भिंतीवरून वाळूत उतरायचं. नुसतं उतरायचं. नंतर वर जायला शिकलो, पण जीव निम्मा खालीच असायचा. वर जाता जाताच पाय कुठे पडणार ते बघायचं. ते सगळं तू चार दिवसांत उरकून, माझ्या उंचीवरून जाऊन, मला हरवणार होतास?"

मी त्यांची आणि माझी उंची एकाच टेपने मोजत होतो. माझ्या उडीत ती गादी धरलेली आहे, त्यांच्या उडीत ते उतरणे धरलेले आहे. कोण मोठे ते अजूनही मला सांगता येत नाही. सांगायची घाई गेली, एवढेच.

मी त्यांच्या पायाला हात लावून माफी मागितली. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळे ऐकत होती आणि हातातला पेला उगाच पुसत होती.

मास्तर म्हणाले, "शनिवार रद्द. सूज उतरली की भिंतीवर ये. आधी उतर. दांडी कधी लावायची ते मी सांगेन. एका वर्षाने म्हणेन, नाहीतर कधीच म्हणणार नाही." मी लेखी देतो की उडी मी सोडलेली नाही, पुढे ढकलली आहे. लंबूने पैजेचे काय करायचे ते त्याचे तो बघेल. मैदानावर हसतील. हसू देत. पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळी मी भिंतीवर असेन, तिथे येऊन हसावे.

मी म्हणालो, "मग हा कागद फाडून टाकतो."

"फाडू नकोस," मास्तर म्हणाले. "बांबू तो बांबूच. सह्या घेऊन ठेव."

कलम सात. माझे पहिल्या नंबराचे पदक, निळे जर्किन आणि ज्या बाकावर मी तिची ड्यूटी सुटायची वाट बघतो त्या बाकावरची माझी जागा, हे सर्व मास्तरांच्या धाकटीला.

~~कलम सात~~ रद्द. खोडण्याचे कारण खाली देत आहे, म्हणजे कोणाला शंका नको.

आज शुक्रवारी वकीलकाकांनी सही केली. दुसरा साक्षीदार मिळेना. लंबूला काठी मिळणार, दादाला सुरी, वहिनीला खिडकी. मास्तर म्हणाले, "पुढे बांबू तुझ्या हातात मीच देणार, मी कसा साक्षीदार होऊ?" तेव्हा धाकटीने कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्या सगळा वाचला. पाचव्या कलमाला हसली. सातव्यापाशी थांबली.

"हे खोड," ती म्हणाली.

"का? तुला नको?"

"तू मेल्यावर मिळणारं मला काहीही नको. ते जर्किन तर नकोच, आधी धुऊन टाक. खोड, मग मी साक्षीदार होते."

मी खोडले. तिने माझ्याच पेनाने सही केली. वकीलकाका म्हणाले, साक्षीदाराने एक ओळ लिहायची असते. ती तिने तिच्या मनाने लिहिली आहे, मी सांगितलेली नाही.

लिहून देणार: ठिणगी (सही)

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे वकीलकाका (सही). मजकूर वाचला. अक्षर सुधारावे.

साक्षीदार दुसरी: मास्तरांची धाकटी (सही). या कागदातून मला काही मिळणार नाही, हे वाचून, समजून, राजीखुशीने सही केली आहे.

ठिकाण: मास्तरांच्या घराची पायरी
दिनांक: शुक्रवार, उडीच्या आदल्या दिवशी, जी उद्या नाही